यादीतलं एकच नाव

घड्याळजींचा स्वभाव म्हणजे सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही. पंधरा दिवसांपूर्वी धाकट्या भावाने त्यांना जिन्यात थांबवून सांगितलं होतं, "दादा, नजर गेली तुझी. दुकान आवरतं घे." तेव्हापासून अबोला. भाऊ वरच्या मजल्यावर एकटाच राहायचा. बायको गेल्यापासून दिवसभर मोबाईलवर गाणी लावून बसायचा, तीही खालच्या वायफायवर. इतकी वर्षं न खुपलेली ही गोष्ट घड्याळजींना आता खुपायला लागली.

सकाळी त्यांनी आपल्या मोबाईलवर राउटरची सेटिंग उघडली. ती उघडायला भावानेच शिकवलं होतं. जोडलेल्या मोबाईलमधून भावाचा निवडून यादीत घातला. खाली दोन गोल होते: फक्त यादीतल्यांना परवानगी, किंवा यादीतल्यांना मनाई. चाळिशी दुकानात राहिली होती, पण जन्मभर केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणाऱ्याला दोन गोलांसाठी चाळिशी कशाला? त्यांनी एक दाबला आणि सेव्ह केलं.

खालचं अख्खं घर बंद पडलं. सून घरूनच नोकरी करायची, तिची अकराला मीटिंग. तिने राउटर दोनदा बंद-चालू केला. घड्याळजी सेटिंग पुन्हा उघडायला गेले, तर ती त्यांनाच आत घेईना. वर गाणं मात्र खुशाल चालू होतं.

"काकांचं चालतंय," सून म्हणाली. "बोलावते त्यांना."

कुठला गोल दाबला गेला, ते घड्याळजींना तेव्हाच कळलं.

हाक ऐकताच भाऊ अबोला विसरून, वाजत्या मोबाईलसकट खाली आला. त्याने सेटिंग उघडली. यादीत एकच नाव होतं, त्याचं.

"मला बंद करायचं होतं का, दादा?"

"हो," घड्याळजी म्हणाले. "खालचा गोल दाबायचा होता. दिसला नाही रे मला."

पंधरा दिवस जे कबूल करायला जीभ रेटत नव्हती, ते नको त्या वेळी बाहेर पडलं. आपण हे काय करून बसलो, असं त्यांना झालं.

भावाने सुनेचा कॉम्प्युटर आणि घरातले सगळे मोबाईल एकेक करून यादीत घातले. शेवटी स्वतःचं नाव काढलं. हातातलं गाणं मध्येच थांबलं. तो वर निघून गेला.

सुनेची मीटिंग वेळेवर सुरू झाली. घड्याळजी दुकानातून चाळिशी घेऊन आले. मोबाईल जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला. भावाचा मोबाईल आता जोडलेलाच नव्हता, त्याचं नाव परत कुठून घालायचं ते काही केल्या सापडेना. अखेर उठून ते जिन्यापाशी गेले. पायऱ्या चौदाच होत्या, पण वर काहीच वाजत नव्हतं.