सोमवारचं बिरडं

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी सुदाम आपल्या भाचीला खर्डीला न्यायला येणार होता, आणि नेमकं त्याच दिवशी कुणालीला बोलायचं नव्हतं.

बोलायचं नव्हतं म्हणजे मौन. म्हसा गावी माहेरी असल्यापासूनचा, अकरा वर्षांचा नेम. श्रावणी सोमवारी सकाळची आंघोळ झाली की ती तोंड मिटायची. संध्याकाळी महादेवाला नैवेद्य दाखवून, घरच्यांना वाढून, शेवटी स्वतः पहिला घास घेतला की मौन सुटायचं. या वैशाखात, पस्तिसाव्या वर्षी, ती शेखरची दुसरी बायको होऊन किन्हवलीजवळच्या या घरात आली, तेव्हा तिचे नेमही तिच्यासोबत आले. शेखरची पहिली बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती. मागे नऊ वर्षांची अक्षदा.

पोर गुणाची. कधी उलटून बोलली नाही की कशाची आदळआपट केली नाही. फक्त कुणालीच्या हातचं जेवायची नाही. शाळेतली खिचडी आणि चहात बुडवलेली बिस्किटं, एवढ्यावर दिवस काढायची. कुणाली मुळात हळू आणि मोजकं बोलणारी, पण या लेकीसाठी तिने जीभ कामाला लावली होती. "घावण करू गो बाय? बरं, दूध तरी? दोन घास वरण-भात?" उत्तर ठरलेलं, "भूक नाय." कुणालीला काय हाक मारायची तेही अक्षदाने ठरवलं नव्हतं. काम पडलंच तर नुसती समोर येऊन उभी राहायची.

तीन महिन्यांत पोरीचे गाल बसले. मागच्या आठवड्यात तिचा मामा सुदाम खर्डीहून आला, तो दारातच थबकला. माणूस वाईट नव्हे. म्हणाला, "दाजी, राग धरू नका. ताई, तुमीपण नाय. पण पोरगी सुकली. सोमवारी नेतो. मामी हाय, माझी दोन पोरं हायत, त्यांच्यात चार घास खाईल." शेखर खाली बघतच हो म्हणाला. कुणाली काय बोलणार? उपाशी पोराला आपलं म्हणून कोणत्या तोंडाने धरून ठेवायचं? रविवारी तिनेच अक्षदाच्या कपड्यांच्या घड्या करून पिशवी भरली. भरताना महादेवाला म्हणाली, "तुझी इच्छा. पण माझीपण एक हाय, ती तुला ठाऊक हाय."

सोमवारी शाळा अर्धी. अक्षदा दुपारी घरी आली तेव्हा कुणाली मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून सोलत बसली होती. अक्षदाने दप्तर ठेवलं आणि 'भूक लागली का' या प्रश्नाची वाट बघत उभी राहिली. प्रश्न आलाच नाही. ती आत गेली, पडवीत जाऊन आली, पुन्हा समोर उभी राहिली.

"आज विचारणार नाय?"

कुणालीने ओठांवर बोट ठेवलं आणि भिंतीवरच्या महादेवाच्या तसबिरीकडे दाखवलं.

"हां, सोमवार."

तेवढ्यात कुणालीच्या चिमटीतला एक वाल सटकन निसटला आणि थेट अक्षदाच्या नाकावर बसला. अक्षदा खुदकन हसली. खाली बसली, एक वाल उचलला.

"असं नाय. मोडाच्या बाजूनं नाय दाबायचं, दुसऱ्या अंगानं दाबायचं. बघ."

कुणालीने तसं दाबलं. वाल सालीतून अलगद बाहेर आला.

मग दोघी सोलू लागल्या, आणि अक्षदा बोलू लागली. वर्गातल्या भाविकाने बाईंच्या खुर्चीवर डिंक सांडला ते, मामाच्या कोंबडीने मोटरसायकलच्या सीटवर अंडं घातलं ते. मग जरा थांबून म्हणाली, "आई वाल मोजायला लावायची. मला शंभरपतूर येत नव्हतं. मी साठावर अडकायची, मग ती म्हणायची, चल, पुन्हा एकपासून."

एरवी कुणालीने लगेच तिच्या पाठीवर हात फिरवला असता, "बिचारी माझी बाय" म्हटलं असतं, आणि पोर तिथेच मिटली असती. आज तोंड बंद होतं. त्यामुळे अक्षदाला आईबद्दल आणखी बोलता आलं. कुणाली ऐकत राहिली. आपण इतके दिवस या पोरीला बोलायला जागाच ठेवली नव्हती, हे तिला वाल सोलता सोलता कळलं.

बिरड्याला हिंग-जिऱ्याची फोडणी पडली. श्रावण, त्यात नैवेद्य, कांदा-लसूण नाहीच. डाव घातला तर वाल मोडतात, म्हणून फडक्याने पातेलं धरून हलवायचं. ते काम अक्षदाने मागून घेतलं. इकडे कुणालीने भाकऱ्यांच्या उकडीचं आधण ठेवलं होतं. बाहेर एक मोटरसायकल वाजली. सुदाम आला की काय! कुणालीचा हात आपोआप मिठाच्या बरणीत गेला.

"गो! मगाशीच टाकलंस की मीठ!"

अक्षदाने तिचं मनगट घट्ट पकडलं होतं. मोटरसायकल पुढे निघून गेली. नैवेद्याचं चाखायचं नसतं. पोरीचं लक्ष नसतं तर देवापुढे आणि पाहुण्यापुढे खारट भाकरी गेली असती. कुणालीने मीठ बरणीत परत टाकलं आणि मान डोलावली. मनगटावर पोरीच्या ओल्या बोटांचे ठसे होते. ते तिने पुसले नाहीत.

भाकरी थापायलाही अक्षदाच बसली. पहिली फाटली, दुसरी एका बाजूने लांबली. तिचं तोंड उतरलं. कुणालीने तिच्या तळव्याखाली आपला तळवा धरून फिरवून दाखवला, मग बोटांचं गोल वेटोळं केलं आणि हात पुढे लोटला.

"म्हणजे उद्या गोल होईल?"

कुणालीने हसून मान हलवली.

दिवेलागणीला शेखर कामावरून आला, पाठोपाठ सुदाम. कुणालीने नैवेद्याच्या पानावर पहिली ठेवली ती लांबडी भाकरी. हात जोडले, डोळे मिटले आणि उठली. देवाकडे काहीच मागितलं नाही, हे तिला वाढायला बसल्यावर आठवलं.

सुदामने ती लांबडी भाकरी उचलून उजेडाकडे धरली. "ही कोणी केली? हा तर शहापूर तालुक्याचा नकाशा हाय."

"मामा, गप खा. देवाला चालली ती."

"अगो बाई! मग ही किन्हवली मीच खातो." त्याने एक टोक मोडलं, बिरड्यात बुडवलं आणि लगेच दुसरं मोडायला घेतलं.

अक्षदा जेवत होती. एक भाकरी संपली. शेखरचा घास हातातच राहिला. तिने न विचारता दुसरी घेतली, वाटी पुढे केली. कुणालीने वाढलं. 

हात धुऊन सुदामने कोपऱ्यातली पिशवी उचलली. "चल अक्षू, निघू. मामी वाट बघते."

कुणालीचं पान अजून कोरडं होतं. मौन सुटलं नव्हतं. पण सुटलं असतं तरी तिने 'राहा' म्हटलं नसतं. ते पोरीने म्हणायचं होतं.

"उद्या माझी गोल होणार हाय," अक्षदा म्हणाली.

"काय गोल?"

"भाकरी. ही म्हणाली."

"ही? तिचं तर सकाळपासून मौन."

"हातानं म्हणाली."

सुदाम एकदा भाचीकडे, एकदा तिच्या रिकाम्या ताटाकडे बघत राहिला. पिशवी खाली ठेवली. "बरं," तो म्हणाला. "बरं झालं." मग खाकरून, "ताई, बिरडं उरलं असेल तर डब्यात घाला. नुसता हात हलवत गेलो तर मामी मला दारातच उभं ठेवील."

तो गेल्यावर कुणाली जेवायला बसली. अक्षदा समोर मांडी घालून बसली, तिच्या तोंडाकडे एकटक बघत. कुणालीने पहिला घास घेतला.

"सुटलं?"

"सुटलं गो." दिवसभराच्या मौनाने आवाज चिकटला होता.

"मग उद्या शाळेच्या आधी मला हाक मार. पीठ मी मळणार. आणि दोनदा हाक मार, एका हाकेत मी उठत नाय."

"दोनदा मारीन," कुणाली म्हणाली. मग तिने दुसरा घास घेतला.