ऑर्नेलाच्या लग्नाच्या बाटल्या

गास्पारेचा राग कायम नाकावर. पण पाहुण्यांसमोर तो गिळायचा, अशी अट लेकीने, ऑर्नेलाने घातली होती. नऊ वर्षांपूर्वी तोरिनो शहरातली नोकरी सोडून ती परतली आणि तिने घराच्या सहा खोल्या पाहुण्यांसाठी उघडल्या, तेव्हाची ती अट. म्हाताऱ्याने ती आजवर पाळली होती. त्या संध्याकाळी मात्र मळ्यातून येऊन तो द्राक्षांच्या मांडवाखाली शिरला आणि जागच्या जागी थिजला.

त्रिएस्तेचे निवृत्त मास्तर कोर्रादो आणि त्यांची बायको लिदिया जेवायला बसले होते. पुढ्यात लेबल नसलेली बाटली, अर्धी रिकामी. पेल्यातला रंग जुन्या कौलासारखा. रोजच्या वाइनला असा रंग सात जन्मांत येणार नाही.

त्या टेकड्यांत मुलगी झाली की बाप त्या साली केलेल्या वाइनच्या बारा बाटल्या बाजूला ठेवतो, आणि त्या उघडायच्या थेट तिच्या लग्नात. लेबल विकायच्या मालाला. या बाटल्यांना कशाला हवं? ऑर्नेला आता अडतीस वर्षांची होती. बाटल्याही.

"अहो गास्पारे, या, बसा!" मास्तर म्हणाले. "ही तुमची घरची साधी वाइन? मग खास कशी असेल हो?"

"तुमच्या लेकीनेच आणून दिली," लिदियाबाई म्हणाल्या. "घ्या ना थोडी."

पाहुण्याच्या हातचा पेला परत करणं म्हणजे घराण्याचं नाक कापणं. गास्पारे बसला. मनात पोरीला शिव्यांची लाखोली वाहत होता, तेवढ्यात त्याला आठवलं. वसंतात तळघराच्या मागच्या भिंतीला ओल आली, तेव्हा त्यानेच त्या बाटल्या पुसून दाराजवळच्या फळीवर, रोजच्या वाइनशेजारी ठेवल्या होत्या. सांगितलं कुणालाच नाही. सांगायला गेलं तर लग्नाचा विषय निघाला असता, आणि तो निघाला की बापलेकीत दोन दिवस अबोला. आता बोंबलायचं कुणाच्या नावाने?

त्याने घोट घेतला आणि डोळेच मिटले. त्या साली ऐन फुलोऱ्यात गारा पडल्या होत्या, द्राक्षं मोजकीच आली होती. बायकोला दिवस गेलेले असतानाही ती टोपली घेऊन मळ्यात यायची, ओरडलं तरी ऐकायची नाही. सगळ्याच्या सगळ्या आठवणी जिभेवर आल्या. वाइन सुरेख झाली होती. इतकी की त्याला रडू यायला लागलं.

ऑर्नेला भाजलेल्या मिरच्यांची थाळी घेऊन आली. बापाचा चेहरा पाहिला, मग बाटलीचं बूच पाहिलं. बुचाचा पार भुगा झाला होता. तिच्या लक्षात आलं.

"बाबा, ही त्यातली?" तिचा आवाज पडला. "अरे देवा. मला काय माहीत, दाराजवळ..."

"मीच ठेवली होती. तू गप बस आणि पी."

ती उभ्या उभ्याच प्यायली.

"अजून चार-पाच वर्षं टिकेल," गास्पारे म्हणाला. "मग उतरती कळा. तोवर तुझं जर..."

"बाबा, मी लग्न करणार नाहीये. तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तुम्ही कात्री उचलून मळ्यात पळालात."

"वेलींची छाटणी राहिली होती."

"हिवाळ्यातली छाटणी, ऑगस्टात?"

लिदियाबाई हसू दाबत ताटात पाहू लागल्या. गास्पारेच्या खिशात कात्री आजही होती, मळाही हाकेवर होता. पण तो उठला नाही.

"तोरिनोत तुला एकटं वाटलं म्हणून आलीस," तो हळूच म्हणाला. "कुणी भेटला की जाशील परत, असंच धरून चाललो होतो मी."

"मला हे घर हवंय, बाबा. हे टेबल, हे पाहुणे. तुमची कटकटसुद्धा."

म्हातारा उठला. पळाला बहुतेक, असं ऑर्नेलाला वाटलं. पण तो तळघरात गेला आणि दोन्ही काखांत त्यातलीच एकेक बाटली घेऊन वर आला. बाकीच्या टेबलांवरच्या पाहुण्यांनाही त्याने हाका मारून बोलावलं आणि स्वतःच्या हाताने सगळ्यांचे पेले भरले.

"अहो, पण सण कसला?" मास्तरांनी विचारलं.

"माझी मुलगी घरी राहायला आलीय," गास्पारे म्हणाला. "नऊ वर्षं झाली. मला आज कळलं."