जादा कपात

हेस्टरबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि संगणकाचा पडदा समोरच्या दोघांकडे वळवला.

"एक्केचाळीस डॉलर," त्या म्हणाल्या. "तुम्हालाच परत मिळतील. भरायचं काही नाही."

रोझेअरनं टेबलावर थाप मारली.

"ऐकलंस मुरिएल? मी म्हणत नव्हतो, उगाच घाबरतेस म्हणून!"

मुरिएल पडद्याकडे बघत राहिली. चर्चच्या तळघरात पलीकडे संध्याकाळच्या पंगतीसाठी बीन्स शिजत होते आणि त्यांचा गोडसर वास सगळीकडे भरला होता. कागदाची मिल बंद पडत चालल्यापासून या गावात जे थोडं फुकट मिळायचं, त्यात ही कराचे कागद भरून द्यायची सोय होती. बँकेतून निवृत्त झालेल्या हेस्टरबाई दर हिवाळ्यात इथं टेबल मांडून बसायच्या, आणि मुरिएल दर वर्षी एकटी येऊन जायची. तिच्या नवऱ्याला, रोझेअरला, या कामाचा कंटाळा. या वर्षी मात्र त्याला घरी बसून काही काम नव्हतं, म्हणून तो बरोबर आला होता आणि आल्यापासून दोन डोनट खाऊन झाले होते.

"इतकेच?" मुरिएलनं विचारलं. "काही चुकत नाही ना?"

"मी दोनदा बघितलं," हेस्टरबाई म्हणाल्या. "यांचा बेकारभत्ता आहे ना, तो सरकारच्या लेखी कमाईच. त्यावर कर लागतो. भत्ता सुरू होताना विचारतात, दर आठवड्याला थोडा कर कापून देऊ का म्हणून. यांनी नको म्हटलंय."

"म्हणणारच!" रोझेअर म्हणाला. "एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्या हातानं काढून घ्यायचं, ही कुठली रीत? मिलनं मला काढलं, मी काय मिलला काढलं नव्हतं."

"तुमच्यासारखे निम्मे लोक इथून रडत जातात, रोझेअर. कुणाला हजार भरायचे असतात, कुणाला दोन हजार. तुमचं नशीब थोर, मुरिएलच्या पगारातून कपात जरा जास्तच झाली आहे. तिनं वाचवलं तुम्हाला."

मुरिएलनं मांडीवरची पर्स घट्ट धरली. आता तो विचारणार, कसली जास्त कपात. वर्षभर तिनं या प्रश्नाची उत्तरं तयार करून ठेवली होती. ती कामाला होती त्या रुग्णालयाच्या कपडे धुण्याच्या विभागात पगार काढताना काहीतरी चुकलं असेल, हे त्यातल्या त्यात बरं उत्तर होतं.

पण रोझेअरनं विचारलंच नाही.

"माहितीये मला," तो म्हणाला. "आठवड्याला तीस डॉलर जादा कापून घेते ती. मागच्या जानेवारीपासून."

मुरिएलनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"अगं, तुमचे पगार काढणारी डोरीन आमच्या बोलिंगच्या संघात नाही का? तिनंच सांगितलं, तुझी बायको हुशार आहे, सरकारकडे भिशी लावलीय तिनं म्हणून. मी म्हटलं बरंय, छपराच्या दुरुस्तीसाठी जमवत असेल, मला चकित करायचं असेल. मग जूनमध्ये मला काढलं, तेव्हा मी सरळ लिहून दिलं, माझं काही कापू नका. हिचं जातंयच की! एका घरातून दोनदा कशाला?" त्यानं हेस्टरबाईंकडे बघून डोळा मारला. "हिशेबात मी कच्चा आहे असं लोकांना वाटतं."

त्याच्या बोलण्यात तिळभरही कावा नव्हता. तोंडावर साखर लागली होती आणि तो खरोखर बायकोचं कौतुक करत होता. त्याच्याशी भांडायलाही जागा नव्हती, आणि लग्नाच्या इतक्या वर्षांत मुरिएलला सगळ्यात जास्त छळलं असेल तर ते या गोष्टीनंच.

तो कधी अंगावर धावून आला नव्हता, दारूही बेतानंच प्यायचा. पण दोघांचे पगार एका खात्यात जायचे आणि खातं त्याच्या ताब्यात. किराणा आणला की पावती त्याच्या हातात द्यायची. तो ती मोठ्यानं वाचायचा, मध्येच हसायचा, "बाईसाहेबांना स्ट्रॉबेरी लागतात हिवाळ्यात!" आणि जेवायला आलेले पाहुणेही हसायचे. बहिणीकडे जायचं तर गाडीत पेट्रोल किती आहे ते आधी बघायचं. तिच्या हातात असा एक डॉलर नव्हता, ज्याचं काय झालं हे त्याला सांगावं लागत नसे. जादा कर कापून घ्यायची कल्पना तिला कामावरच्या बायकांकडून मिळाली. नाताळची उधारी फेडायला, जुन्या गाडीला अशी सोय अनेक जणी करायच्या. जादा कापलेले पैसे वर्ष सरल्यावर कराच्या कागदांबरोबर एकरकमी परत यायचे, आणि ते कागद ती एकटीच बघायची. सरकारच्या तिजोरीत हात घालायची सोय रोझेअरला नव्हती, म्हणून तिनं सरकारवर भरवसा ठेवला.

पलीकडच्या गावात तिच्या मावसबहिणीच्या, फर्नच्या, घरात वरच्या मजल्यावर एक खोली होती. फर्न एप्रिलपर्यंत ती कुणाला देणार नव्हती, त्यापुढे थांबणं तिलाही परवडणारं नव्हतं. पहिलं भाडं आणि अनामत, एवढ्याचीच गोष्ट होती. आणि गेल्या जूनपासून दर आठवड्याला रोझेअर त्या खोलीतली एकेक वीट काढून खात बसला होता, बशीभर चिप्स मांडीवर घेऊन, टीव्हीसमोर.

"इथं सही करा," हेस्टरबाई म्हणाल्या. "दोघांनीही."

रोझेअरनं झोकात सही केली आणि उठला.

"मी गाडी तापवतो. काचेवरचा बर्फही काढतो, तोवर तू ये. आज बाहेरच जेवू, काय? एक्केचाळीस डॉलर आहेत आपल्याकडे!"

जिन्यावर त्याचे बूट वाजत गेले. मुरिएलपुढे कागद होता आणि कागदावर पेन. तळघराच्या उंच, अरुंद खिडकीतून फक्त गाडीची चाकं आणि त्याचे पाय दिसत होते. पाय तिच्या बाजूच्या दाराशी थांबले. काच खरवडल्याचा आवाज आला. तो नेहमीच सगळ्यात आधी तिच्या बाजूची काच साफ करायचा. तिला एकदम रडू आलं, आणि या रडण्याचाच तिला भयंकर राग आला.

"बरं वाटत नाहीये का?" हेस्टरबाईंनी विचारलं.

"मी सही केली नाही तर काय होतं?"

हेस्टरबाईंनी चष्मा खाली घेतला. जिन्याकडे एकदा बघितलं.

"तर हा कागद रद्दी. मग नवराबायकोनं आपापला कर वेगवेगळा भरायचा. तशी मुभा आहे. कुणी सहसा घेत नाही, एकूण नुकसान होतं."

"कुणाचं?"

"तुमचे जादा कापलेले बहुतेक तुम्हाला परत येतील. यांच्या भत्त्यावरचा कर यांच्या एकट्याच्या गळ्यात पडेल. हप्ते बांधून देतात, पण भरावे लागतात." त्यांनी कीबोर्ड जवळ ओढला. "मला पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. करते मी. माझं काय जातंय?"

मुरिएलनं पेन उचललं, त्याला टोपण लावलं आणि टेबलावर ठेवलं.

रोझेअर हात चोळत खाली आला तेव्हा ती अजून बसलेलीच होती.

"काय गं, झालं नाही?"

"मी माझा वेगळा भरतेय."

त्याला कळायला वेळ लागला. तो हसला, हेस्टरबाईंकडे बघितलं. त्या हसत नव्हत्या.

"मग माझं काय?"

"तुझा तुला भरावा लागेल."

"कुठून भरू? मुरिएल, कुठून भरू मी? अगं, पण मी केलं काय?"

तिनं खरंच उत्तर शोधलं. एका वाक्यात सांगता येईल असं त्यानं काहीच केलं नव्हतं.

"मला जायचंय, रोझेअर," ती म्हणाली. "ते पैसे जाण्यासाठी होते."

पलीकडे कुणीतरी पातेल्यावर झाकण ठेवलं. रोझेअरनं डोक्यावरची टोपी काढली, हातात फिरवली. तोंडावरची साखर तशीच होती.

"आज?" त्यानं विचारलं. इतका लहान आवाज तिनं त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"आज नाही. आज घरीच जायचंय, गाडी एकच आहे आपल्याकडे. पण इथं अजून वेळ लागेल." तिनं आपले पगाराचे कागद हेस्टरबाईंपुढे परत सरकवले. "जा, गाडी बंद करून ये तोवर."

तो टोपी हातात तशीच धरून जिना चढायला लागला.