दोन पार्ट एकदम

“दोन्ही एकदम?” पंखे-मिक्सर दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकने डॉक्टरीणबाईंना विचारलं. दोन महिने त्याने दुकानाचं शटर उचललं नव्हतं. जेवण नको, झोप नाही, बोलणं नाही. हा प्रश्न मात्र त्याने ताठ बसून विचारला.

“हो. एक सकाळी, एक रात्री. तुमचं दुखणं बरंच वाढलंय, म्हणून पहिल्यापासूनच दोन देतेय.”

“आणि गुण आला तर कुठल्या गोळीमुळे?”

“आधी गुण येऊ द्या,” बाई म्हणाल्या.

त्याने त्यांना मनातल्या मनात निकालात काढलं. दोन पार्ट एकदम बदलतो तो मेकॅनिकच नव्हे. याच कारणावरून त्याने सख्ख्या मेहुण्याला दुकानातून हाकललं होतं. तसा तो सगळ्यांनाच निकालात काढत असे. केमिस्ट दीडशहाणा, शेजारी रिकामटेकडे, मेहुणा तर ठोंब्याच. हल्ली त्यात स्वतःचा नंबर पहिला लागायचा, पण ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

बायकोच्या धाकाने गोळ्या सुरू झाल्या. महिन्याभरात गडी दाढी करून दुकानात बसला. गिऱ्हाइकांवर खेकसू लागला, तेव्हा बायकोच्या जिवात जीव आला. एखादा शहाणा एवढ्यावर गप्प बसला असता. याला चैन पडेना. कुठल्या गोळीने काम केलं ते कळल्याशिवाय बरं होणंही त्याला पटत नव्हतं. त्याने कुणाला न सांगता रात्रीची गोळी बंद केली.

काही दिवस काहीच झालं नाही. उगाच गळ्यात मारली होती, असं म्हणत तो डॉक्टरीणबाईंवर मनसोक्त हसला. मग एका दुपारी बायको डबा घेऊन आली, तर टेबलावर पंखा उघडा पडलेला आणि हा भिंतीकडे बघत बसलेला. गिऱ्हाईक कंटाळून केव्हाच निघून गेलं होतं.

“गोळ्या घेताय ना?”

“एक घेतोय. कुठली खरी ते बघत होतो.”

ती स्टुलावर बसली. आवाज चढवला नाही. “आणि बघून झाल्यावर मी काय करायचं होतं? दोन महिने मी तुम्हाला आतून कडी लावू दिली नव्हती. आंघोळीलासुद्धा. विसरलात?”

तो विसरला नव्हता. फक्त तेवढं त्याने हिशेबात धरलं नव्हतं. स्वतःचा तिटकारा त्याला पहिल्यांदाच रास्त कारणाने आला.

संध्याकाळी त्याने बाईंसमोर सगळं ओकून टाकलं. “आता तरी सांगा, कुठली लागू पडली?”

“मलाही नाही माहीत. रात्रीची असेल, दोन्ही मिळून असतील. नीट सावरलात की आपण हळूहळू कमी करून बघू. एकट्याने नाही.”

एरवी अशा उत्तरावर त्याने समोरच्याला सोलून काढलं असतं. आज तो नुसता मान हलवून उठला.

जेवणं झाल्यावर तो स्वयंपाकघरात गेला. बायको भांडी पुसत होती. त्याने हात पुढे केला, तिने त्यावर गोळी ठेवली. त्याने ती पाण्याबरोबर गिळली आणि तिने सांगायच्या आतच तोंड उघडून, जीभ वर करून दाखवली. तिने वाकून नीट बघितलं आणि पुढचं ताट पुसायला घेतलं.