टेबलाचं अस्तर

डिझायनर मुलीने छापून वाळलेलं कापड टेबलावरून अलगद उचललं, काकूंच्या हातात दिलं आणि त्याच्याकडे पुन्हा ढुंकूनही पाहिलं नाही. ती टेबलावरच वाकली, पार नाक टेकेल इतकी.

"काका, हे कुणी केलं?"

"काय ते?"

"हेच. खालचं."

खालचं म्हणजे टेबलाचं अस्तर. ठसा मारताना खाली मऊ लागावं म्हणून टेबलावर जुनी कापडं एकावर एक ताणून बसवतात, त्यातलं सगळ्यात वरचं. वर्षानुवर्षं झिरपलेला रंग ते प्यायलं होतं. डाळिंबाच्या सालीचा पिवळा, नीळ, गंजक्या लोखंडाचा काळा. पानावर फूल, फुलावर वेल, कशाचा कशाला मेळ नाही.

"ते कुणी करत नाही," काका म्हणाले. "ते होतं."

त्यांना सगळी गल्ली दोरीकाका म्हणायची, कारण त्यांच्या ठशांची ओळ दोरी धरल्यासारखी सरळ जायची. अभिमान तरी किती असावा? कोपऱ्यावरच्या न्हाव्याची पाटी तिरकी लागली, तेव्हापासून ते केस कापायला लांबच्या दुकानात जात. काकूंनी वाळत घातलेले टॉवेल पुन्हा उतरवून काठाला काठ जुळवून घालत. काकू म्हणायच्या, नशीब माझा भांग मी स्वतः पाडते.

मुलगी शहरात मोठं प्रदर्शन भरवत होती. रंग झाडापाल्याचे, कापड असं की चिंधीही वाया जाऊ नये, आणि प्रत्येक कापडाखाली करणाऱ्याचं नाव. हे शेवटचं ऐकल्यापासून काकांचे पाय जमिनीवर नव्हते. जन्मभर त्यांचं काम दुकानदारांच्या नावाने विकलं गेलं होतं.

"दारासमोरच्या भिंतीवर हेच लावू," मुलगी अस्तरावर हात फिरवत म्हणाली. "खाली तुमचं नाव. सोमवारी न्यायला येते."

ती गेली आणि काका मटकन स्टुलावर बसले.

"आयुष्यात पहिल्यांदा नाव लागायचं, तेही पायपुसण्याखाली."

काकू त्यांच्या पाठीमागच्या भिंतीशी उभ्या राहून पातेल्यातला रंग ढवळत होत्या. चूल कायम तिथेच असायची. वाफेने आपल्याला दिसत नाही, असं कारण काका सांगत.

"मग नको म्हणायचं होतं," त्या म्हणाल्या.

"नको म्हटलं असतं तर नावही गेलं असतं."

"मग बसा मूग गिळून."

पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. दुसऱ्या दिवशी काकांचे हात शिवशिवायला लागले. फक्त एक काठ छापू, त्यांनी स्वतःलाच समजावलं. बघणाऱ्याला निदान कळावं की माणसाला छापता येतं. तो काठ झाल्यावर समोरचा उघडा वाटायला लागला. दोन्ही काठ झाल्यावर मधला भाग फारच गबाळा दिसू लागला. सोमवार उजाडेपर्यंत अस्तरावर काळ्याभोर पानांच्या ओळी शिस्तीत उभ्या होत्या, आणि खालचा रंगांचा गोंधळ पार झाकला गेला होता.

मुलगी आली, बघत राहिली.

"काका, हे काय केलंत?"

"नीट केलं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती स्टुलावर बसली आणि हातातल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"ती भिंत मी भांडून मिळवली होती," ती म्हणाली. "असं कापड बाजारात ढिगाने मिळतं. आता तिथे दुसऱ्या कुणाचं तरी लागेल."

"आणि नाव?" काकांनी हळूच विचारलं.

"कापड नाही तर नाव कुठे लावू?"

काकांचा चेहरा एवढासा झाला. शहाणपणा करायला गेले आणि हातातलंही घालवून बसले. काकूंना हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं. त्यांनी ढवळणं थांबवलं, हात पुसले आणि टेबलाच्या कडेच्या टाचण्या काढायला सुरुवात केली.

"काय करतेस?"

"खाली अजून एक आहे."

काका ताडकन पुढे झाले.

"ते तू फेकलं होतंस."

"फेक म्हणालात तुम्ही. मी काही फेकत नसते."

एकेक थर निघाला आणि तळाचं कापड वर आलं. रंग त्यातही उतरला होता, पण फिका, पाण्यात विरघळल्यासारखा. त्या फिक्या रंगामागे पानांच्या ओळी होत्या. प्रत्येक ओळ डावीकडे सरळ सुरू व्हायची, मग हळूहळू ढळायची आणि उजवीकडे जाता जाता थेट कापडाच्या काठावर जाऊन आदळायची. मुलगी गुडघ्यांवर बसली.

"काका, सगळ्या ओळी उजव्या कोपऱ्याकडेच का घसरल्यात?"

काका एक ठसा उलटा करून त्याची मूठ तपासत होते.

"लग्नानंतर ह्यांनी छापलेलं पहिलं कापड," काकू म्हणाल्या. "तेव्हा चूल त्या कोपऱ्यात होती. मी तिथे उभी असायचे, रंग ढवळत." त्या पुन्हा पातेल्याकडे वळल्या. "त्यानंतरच चूल पाठीमागे गेली. वाफ होते म्हणून."

काकांचे कान लाल झाले. ठशाची मूठ अजून तपासून व्हायची होती.

"हेच लावायचं," मुलगी म्हणाली. "नाव दोघांचं लिहू?"

"माझं कशाला?" काकू म्हणाल्या. "वाकडं ह्यांनी छापलंय."

काकांनी कापडाकडे पाहिलं. हे दारासमोर लागलं की गल्लीत दोरीकाका म्हणून कोण हाक मारणार? त्यांनी ठसा खाली ठेवला.

"लिही माझं," ते म्हणाले. "फक्त अक्षरं सरळ काढ."

मुलगी कापड छातीशी धरून गेली. काकांनी टेबलावर नवं अस्तर ताणलं, टाचण्या मारल्या, ठसा हातात घेतला आणि परत ठेवला. मग ते मागे गेले, चुलीवरचं पातेलं उतरवलं आणि चूल ओढत ओढत टेबलाच्या उजव्या कोपऱ्याकडे न्यायला लागले.

"वाफेने दिसायचं नाही तुम्हाला," काकू म्हणाल्या.

"दिसेल."

"ओळ घसरेल."

"घसरू दे," काका म्हणाले, आणि पातेलं आणायला वळले.