हौदाकाठची ओवी

शहराच्या कडेला संग्रहालयाने एक जुनं गाव मांडून ठेवलं होतं. त्यात रंगाऱ्यांचे हौद होते, माग होते, सुतारशाळा होती. माणसं तिकीट काढून यायची आणि आपल्याच आज्यापणज्यांचे कष्ट बघून हळहळायची.

दर वर्षी तिथे एक जुना दिवस पुन्हा जगला जायचा. मालकाच्या पहारेकऱ्यांनी एका रंगाऱ्याला हौदाकाठी मारून टाकलं, तो दिवस. संग्रहालय चालवणाऱ्या बाईंनी त्यात एक रीत घातली होती. मारणाऱ्यांच्या नातवाने मार खायचा, मेलेल्याच्या नातवाने मारायचं. म्हणजे दोन्ही घरांचा राग निवतो, असं बाईंचं म्हणणं.

मेलेल्याची नात हौदाच्या कठड्यावर बसून ओव्या म्हणायची. ओव्या तिच्या आत्याने रचलेल्या. ओव्यांच्या ठेक्यावर चिंध्यांच्या काठ्या पडायच्या, आणि शेवटच्या ओवीला सगळे हात जागच्या जागी थांबायचे. थांबायची खूण तेवढी एकच. पहारेकऱ्याचा नातू म्हणजे सुतार. याच खेळात त्याची नि तिची नजरानजर झाली, लग्न झालं, आणि बाईंनी सगळ्या हातांवर पेढे ठेवले होते.

त्या सकाळी ती धाकट्या भावाच्या कमरेला पहारेकऱ्याचा पट्टा आवळत होती. तिची बाही वर सरकली.

"ताई, हे काय?"

"मागात हात सापडला."

"मागाला बोटं असतात होय?"

ती पट्टा आवळत राहिली. "जरा पोट आत घे. पहारेकरी आहेस, हलवाई नाहीस."

भाऊ हसला नाही. हौदाजवळ गेला, रंग ढवळायचा दांडका उचलला आणि चिंध्यांची काठी उसवू लागला. तिने पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं केलं.

दुपारी अंगण गच्च भरलं. सुतार रंगाऱ्याच्या वेशात हौदाशी आला, छातीवर सदऱ्याखाली लाल रंगाची पिशवी बांधून. तिने सूर लावला.

*हौदाच्या काठाशी, बाप माझा गं पडला,*
*रंगाच्या पाण्याला, आणिक रंग चढला.*

चिंध्यांची काठी धप्प वाजते. भावाची काठी वाजली ती खणखणीत, लाकडासारखी. सुतार गुडघ्यावर आला. दुसऱ्या घावाला पिशवी फुटली, लोकांनी श्वास रोखला. तिसरा खांद्यावर बसला आणि आत काहीतरी मोडल्याचा आवाज तिला कठड्यावर ऐकू आला. सुताराच्या कानामागून ओघळ आला. रंगाऱ्याच्या घरातली ती. मंजिष्ठेचा लाल कोणता आणि हा कोणता, तिला कुणी सांगायला नको होतं.

"दाजी, उठा," भाऊ म्हणाला, अगदी हळू. "मागात हात सापडला का तुमचा?"

सुताराने तिच्याकडे पाहिलं. तोंडात रक्त होतं. शेवटची ओवी तिच्या जिभेवर येऊन थांबली होती.

*धरा गं कुणी हात, अंगण सारं बघतं...*

एवढं म्हटलं की झालं असतं. उंबऱ्यावरची रात्र तिला आठवली, दाराच्या कडीशी त्याने पिरगळलेलं मनगट, आणि शेजारपाजारचे मालवलेले दिवे. तिने श्वास घेतला आणि पुन्हा पहिलीच ओवी धरली.

*हौदाच्या काठाशी, बाप माझा गं पडला...*

काठी पुन्हा उठली. बरगडीवर आली, हातावर आली. सुतार रांगत हौदाकडे सरकला, त्याची पाची बोटं कठड्यावर लाल उमटली. पुढच्या रांगेतली एक म्हातारी पदराने डोळे पुसत होती.

मग तिने शेवटची ओवी घेतली. हात थांबले. टाळ्या पडल्या, आणि सुतार उठेना तेव्हा विरल्या.

संग्रहालयाच्या रखवालदारांनी भावाला धरलं. तो ओढाओढ करत नव्हता. "मी कान लावून होतो, ताई," एवढंच म्हणाला. "तू म्हणशील तेव्हा थांबणार होतो."

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

बाई धावत आल्या, पांढऱ्याफटक. "अगं, तू ओवी चुकलीस."

सुताराला झोळीत घेतलं. त्याने एक डोळा उघडला. "विसरलीस का गं?"

"नाही."

"माझ्याबरोबर चल."

तिने बाही कोपरापर्यंत दुमडली. मनगटावर उमटलेली जांभळी बोटं उन्हात आली, बाईंनी पाहिली, म्हातारीनेही पाहिली.

"तुम्ही पुढे व्हा," ती म्हणाली. "मी पोलिसांकडे जाते. भावाने का मारलं ते सांगायचंय. आणि मी का थांबवलं नाही, तेही."