तपासणीच्या सकाळची दुरियानं

लुबुक सरायच्या जमीन नोंदणी कचेरीत त्या वर्षी सचोटीची तपासणी व्हायची होती. जाकार्ताहून पथक येणार, कचेरीत कुणी वरकमाई करतं का, लोकांशी नीट बोलतं का ते बघणार, आणि सगळं मनासारखं दिसलं तर दाराशेजारी पितळेची पाटी लागणार. कचेरीप्रमुख हेन्द्रिझालसाहेबांनी पाटीपुरती भिंत आधीच घासूनपुसून घेतली होती.

महिनाभर नुसती धांदल चालली होती. भिंतींना पोपटी रंग लागला, पोरांसाठी घसरगुंडी आली, जुन्या नकाशांची खोली रिकामी करून तिथे बाळांना पाजायची खोली झाली. रोज सकाळी सगळ्यांनी मुठी वर करून घोषणा द्यायच्या. घोषणा जुळवल्या होत्या मोजणीवाल्या दारविसने. यमक चुकलं की तो सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून ओरडायला लावायचा.

खिडकीवर बसणाऱ्या एर्निदावर दोन कामं आली. एक म्हणजे हसायचं. ते तिला जमेना. ओठ ताणले की दाढ दुखल्यासारखी दिसायची. दुसरं काम भेटवस्तूंवर लक्ष ठेवण्याचं. ती वयाने मोठी, म्हणून साहेबसुद्धा तिला उनी म्हणत, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. ते म्हणाले, "उनी, हे काम तुमचंच. तुमचा चेहरा बघून कुणाची काही द्यायची छातीच होत नाही."

तपासणीच्या दिवशी कचेरी उघडते न उघडते तोच रोस्मानी आजी दारात. वरच्या गावातली, आईकडून लेकीकडे चालत आलेल्या भातखाचरांची मालकीण. तिचा जमिनीचा दाखला गेल्या आठवड्यातच एर्निदाने तिच्या हातात दिला होता. आज तिने रिक्षावाल्याकडून एक पोतं उतरवून घेतलं आणि ओढत खिडकीशी आणलं. पोत्यातून काटे बाहेर आले होते. पिकलेली दुरियानं, फणसासारखी उग्र वासाची फळं. वास आजीच्या आधी आत पोचला होता.

एर्निदाने समजावलं की आता असं काही घेत नाहीत, भिंतीवर तसं लिहिलंय. आजीने भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही. "तू कमारियाची लेक ना? तुझ्या आईनं कधी माझ्या झाडाचं फळ परत धाडलं नाही." एर्निदाचे कान तापले. गावात दिलेलं फळ परत करणं म्हणजे तोंडावर दार लावणं, हे तिलाही ठाऊक होतं. पण ती बधली नाही. आजी बाकावर जाऊन बसली, हाताची घडी घातली आणि फळं ठेवून घेतल्याशिवाय आपण हलणार नाही असं जाहीर केलं.

त्यांची ही ओढाताण चालली असतानाच पथकाची गाडी आवारात शिरली. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी मागचा पुढचा विचार न करता पोतं उचललं, जवळचं दार उघडलं, आत ढकललं आणि दार लावून घेतलं. ती पाजायची खोली होती. एर्निदा "साहेब, राहू द्या" म्हणेपर्यंत ते हसत हसत पायऱ्या उतरले होते.

पथकाच्या प्रमुख होत्या तिउरमाबाई, बातक समाजातल्या, आवाज खणखणीत. घोषणा झाल्या, यमक जुळलं, घसरगुंडी बघून झाली. बाई मधूनमधून नाक वर करून वास घेत पुढे सरकत होत्या. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? तेवढ्यात पाजायच्या खोलीचं दार उघडलं. आपल्या कामासाठी आलेली एक बाई बाळाला कडेवर घेऊन बाहेर आली. तिने सगळ्यांकडे बघितलं आणि सरळ विचारलं, "आतली दुरियानं विकायला आहेत का?"

साहेब जमिनीकडे बघू लागले. एर्निदाला वाटलं, आत्ता गप्प राहिलं तर हा महिनाभराचा रंग नुसता रंगच. ती खिडकीमागून उठून पुढे आली.

"ती त्या आजींनी आणली, बाई. मी घेतली नाहीत. त्या परत नेत नाहीत. तुम्ही आलात, आम्ही घाबरलो आणि लपवली. लपवायला नको होती."

तिउरमाबाईंनी साहेबांकडे एकदा बघितलं, मग आजीजवळ बाकावर बसल्या आणि फळं कशाबद्दल आणली ते विचारलं. आजी हळू आवाजात सांगू लागली. मागे भावाच्या दाखल्याच्या वेळी याच जागी कुणाला कोंबडी, कुणाला पाकीट, कुणाला तांदळाचं पोतं द्यावं लागलं होतं. ते सगळे साहेब केव्हाच बदलून गेले. "या खेपेला कुणी काही मागितलंच नाही. मी घरी जाऊन विचार केला, फुकट दिलेला कागद खरा कसा असेल? खोटाच दिला असणार म्हातारीला. म्हणून म्हटलं, काहीतरी द्यावं, म्हणजे पक्का करून देतील."

एर्निदाने आजीच्या पिशवीतून दाखला काढला, शेजारी बसून तिचं नाव वाचून दाखवलं, मग दोघी लेकींची, ओढ्याकडची हद्द, वरचा शिक्का. आजीने शिक्क्यावरून अंगठा फिरवला. "म्हणजे हा पक्का?" एर्निदा म्हणाली, पक्का. "आणि कुणाला काही द्यायचं नाही?" कुणालाच नाही.

"मग माझी फळं आण बाहेर," आजी उठत म्हणाली. "आज बाजारात भाव चांगला आहे."

सगळ्यात आधी तिउरमाबाई हसल्या, मग दारविस, मग सगळी कचेरी. साहेबांनी स्वतः पोतं बाहेर आणून दिलं. आजीने पायरीवरच दुकान मांडलं. लेकुरवाळीने घासाघीस करून एक फळ घेतलं. बाईंनीही भाव विचारला, पण मग आपण कोण आहोत ते आठवून गाडीत जाऊन बसल्या.

निकाल पावसाळ्यात आला. फळं लपवल्याबद्दल साहेबांना ठपक्याचा शेरा बसला होता, आणि पाटी पुढच्या फेरीवर गेली. पण खिडकीवरच्या कामाला पथकाने पैकीच्या पैकी गुण दिले होते. साहेबांनी तो कागद सगळ्यांसमोर वाचला, शेऱ्यासकट, काही न गाळता. एर्निदाला ते फार आवडलं.

आता दाखला देताना ती प्रत्येकाला शेजारी बसवून वाचून दाखवते आणि हा पक्का आहे म्हणून सांगते. परवा एका म्हाताऱ्याने विचारलं, खरंच काही द्यायचं नाही? ती म्हणाली, "सही द्या, मामा. इथे, खाली."